मोठ्या भूकंपानंतरचे धक्के आणि त्सुनामीचे इशारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही आत्ता समुद्रकिनाऱ्यावर असाल आणि नुकतीच जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली असेल, तर हे वाचत बसू नका. चालत उंचावर जा. बाकीचं तिथे पोहोचल्यावर वाचता येईल.

मोठा भूकंप थांबल्यावर मनात पहिला विचार येतो तो ‘सुटलो एकदाचे’ हा. खाली दिलेल्या घटनांमध्ये कितीतरी माणसं पहिल्या धक्क्यातून किंवा पहिल्या लाटेतून वाचली होती आणि नेमकी या विचारामुळे नंतर गेली. म्हणून ही प्रश्नोत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

मोठ्या भूकंपानंतर पुन्हा पुन्हा धक्के का बसतात?

भूगर्भातला खडक एका भेगेवर सरकला की तिथला ताण सगळाच मोकळा होत नाही. त्यातला काही आजूबाजूच्या खडकावर आणि शेजारच्या भेगांवर जाऊन पडतो. त्या नव्या ताणाशी जुळवून घेताना तो खडक ठिकठिकाणी तुटतो, सरकतो, आणि आपल्याला नंतरचे धक्के म्हणजे आफ्टरशॉक जाणवतात.

हे धक्के कसे ओसरतात याचा नियम जपानी भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये मांडला. १८९१ च्या नोबी भूकंपानंतरचे धक्के मोजताना त्यांच्या लक्षात आलं, की धक्क्यांची संख्या उलटलेल्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले असतील, तर दहाव्या दिवशी साधारण दहा. हा नियम आजही वापरला जातो. मात्र त्याचा चुकीचा अर्थ फार लोक लावतात. दिवसागणिक घटते ती धक्क्यांची *संख्या*. त्यांची ताकद त्या बेताने उतरत जात नाही. महिन्याभराच्या शांततेनंतर बसलेला एखादा धक्का पहिल्या दिवशीच्या कुठल्याही आफ्टरशॉकपेक्षा मोठा असू शकतो.

नंतरचा धक्का मुख्य भूकंपापेक्षा लहानच असतो ना? मग एवढी भीती कशाला?

सर्वसाधारणपणे सर्वांत मोठा आफ्टरशॉक परिमाणात, म्हणजे भूकंपाची ताकद सांगणाऱ्या आकड्यात, मुख्य भूकंपापेक्षा सुमारे १.२ ने कमी असतो. पण ही सरासरी झाली, आणि शिवाय ‘लहान’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचं उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. ४ सप्टेंबर २०१० रोजी पहाटे शहराच्या पश्चिमेला ७.१ चा भूकंप झाला. इमारतींचं नुकसान झालं, पण ढिगाऱ्याखाली सापडून कुणी दगावलं नाही. साडेपाच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०११ रोजी, ६.२ चा आफ्टरशॉक आला आणि त्यात १८५ माणसं गेली. मुक्त झालेली ऊर्जा पाहिली तर हा धक्का पहिल्याच्या वीसाव्या हिश्श्याहूनही लहान होता. पण तो शहराच्या अगदी जवळ आणि कमी खोलीवर झाला. वेळ भर दुपारची होती, माणसं कचेऱ्यांमध्ये आणि रस्त्यांवर होती. इमारतींनी तोवर महिनोन्‌महिने धक्के सोसलेले होते. आकडा लहान असला तरी तो धक्का तुमच्यापासून किती अंतरावर आणि कशावर बसतो, यावर सगळं ठरतं.

मोठा धक्का येऊन गेला की अजून यायचा आहे, हे कसं ओळखायचं?

त्या क्षणी ओळखता येत नाही. ‘पूर्वधक्का’, ‘मुख्य धक्का’, ‘आफ्टरशॉक’ ही नावं मागाहून दिली जातात. एखाद्या भूकंपानंतर थोड्याच दिवसांत त्याच भागात त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात पाच-सहा एवढी असते. म्हणजे बहुतेक वेळा तसं होत नाही, पण होतं तेव्हा ते फार महागात पडतं.

९ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर सुमारे ७.३ चा भूकंप झाला, तेव्हा मुख्य भूकंप तोच असं वाटलं होतं. दोनच दिवसांनी ९ चा महाभूकंप आला. २०२५ च्या जुलैत रशियातल्या कामचात्काजवळ ७.४ चा धक्का बसला आणि सुमारे दहा दिवसांनी ८.८ चा. जपानमधल्याच कुमामोतोत १४ एप्रिल २०१६ च्या रात्री पहिला जोरदार धक्का बसला. काही कुटुंबं दुसऱ्या दिवशी घरी परतली, आणि १६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर त्याहून मोठा भूकंप झाला तेव्हा झोपेत होती. कुमामोतोचं हे उदाहरण मला सर्वांत जास्त छळतं, कारण घरी परतणाऱ्यांचं वागणं अगदी साधं, आपण कुणीही केलं असतं असंच होतं.

धक्के किती दिवस चालतात?

मोठ्या भूकंपानंतर आठवडे, महिने, कधी वर्षंसुद्धा. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे ७.८ चा भूकंप झाला आणि नऊ तासांनी ७.५ चा. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ च्या भूकंपानंतर सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ चा धक्का आला आणि आणखी दोनशेहून अधिक बळी गेले. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी फुकुशिमासमोर ७.१ चा भूकंप झाला, तो २०११ च्या महाभूकंपाचाच आफ्टरशॉक असल्याचं जपानच्या हवामान संस्थेने सांगितलं. मधे दहा वर्षं गेली होती.

लहान लहान धक्के येऊन गेले की ताण मोकळा होतो, हे खरं आहे का?

नाही. परिमाण एकने वाढलं की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ७ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ५ चे सुमारे हजार धक्के लागतील. तेवढे होत नाहीत.

‘आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का येणार’ असा मेसेज फिरतोय. काय करू?

पुढे पाठवू नका. दिवस, वेळ आणि ठिकाण सांगून भूकंपाचं भाकीत करण्याची पद्धत जगात कुणाकडेही नाही, मग मेसेजवर कोणत्याही संस्थेचं नाव असो. शास्त्रज्ञ सांगू शकतात ती शक्यता, आणि तिची भाषा वेगळी असते. ८ ऑगस्ट २०२४ रोजी जपानच्या दक्षिणेला ७.१ चा भूकंप झाल्यावर तिथल्या समुद्रतळावरच्या नानकाई या खोल गर्तेत महाभूकंप होण्याची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे, एक आठवडा सावध राहा, अशी सूचना तिथल्या हवामान संस्थेने दिली. त्यात तास-मिनिटं नव्हती. महाभूकंप झाला नाही, आठवड्याने सूचना मागे घेतली गेली. खरी माहिती अशी असते: थोडी अपुरी वाटणारी, पण प्रामाणिक.

धक्के चालू असताना घरात जावं का?

इमारतीची तपासणी होईपर्यंत जाऊ नये. खांबाला तिरप्या किंवा फुलीच्या आकाराच्या भेगा, काँक्रीट उडून उघड्या पडलेल्या सळया, एका बाजूला कललेला मजला, आधी नीट लागणारी आणि आता अडकणारी दारं ही धोक्याची लक्षणं आहेत. भिंतीच्या गिलाव्यावरची केसासारखा बारीक तडा वेगळा, पण तो फरक जाणकाराने पाहून ठरवावा. ‘फक्त कागदपत्रं घेऊन येतो’ म्हणून आत जाणं हा सर्वांत मोठा मोह असतो, आणि नेमकं त्याच दोन मिनिटांत काही होणार नाही याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

इमारत सुरक्षित ठरली असेल तर झोपायची जागा कपाट, आरसा आणि खिडकीपासून दूर ठेवा. उशाशी बूट आणि टॉर्च असू द्या. रात्री धक्का बसल्यावर पायांना जखमा होतात त्या फुटलेल्या काचांनी. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नका, दिव्याचं बटणही दाबू नका, बाहेर पडा. धक्का चालू असताना खाली बसा, मजबूत टेबलाखाली डोकं आणि मान झाका, टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवा. हलत्या जिन्यावरून पळू नका.

प्रत्येक मोठ्या भूकंपाने त्सुनामी का येत नाही?

त्सुनामीसाठी समुद्राचा तळ वर किंवा खाली सरकावा लागतो, म्हणजे त्यावरचा पाण्याचा अख्खा स्तंभ उचलला किंवा दाबला जातो. एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्याखाली घुसतो त्या गर्तांजवळचे कमी खोलीचे भूकंप हे काम करतात. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ९.१ च्या भूकंपात तेच झालं आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर सव्वादोन लाखांहून अधिक माणसं गेली. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्याच पश्चिमेला समुद्रात ८.६ चा भूकंप झाला, दोन तासांनी ८.२ चा. महासागरभर इशारे गेले. पण तिथे खडक आडवा सरकला होता, वर उचलला गेला नव्हता, त्यामुळे लाटा किरकोळ आल्या.

यावरून ‘आडवा सरकला तर धोका नाही’ असा निष्कर्ष काढू नका. २८ सप्टेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातल्या पालू इथला ७.५ चा भूकंपही आडव्या सरकण्याचाच होता. तिथे अरुंद आखातात दरडी कोसळल्या आणि काही मिनिटांत लाटा शहरावर आल्या.

आफ्टरशॉकनेही त्सुनामी येते का?

येते. २२ नोव्हेंबर २०१६ रोजी फुकुशिमासमोर २०११ च्या भूकंपाचा आफ्टरशॉक आला आणि सेंदाई बंदरात १.४ मीटरची त्सुनामी मोजली गेली. कामचात्काच्या ८.८ च्या भूकंपानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये ७.८ चा आफ्टरशॉक आला तेव्हाही त्सुनामीचा इशारा द्यावा लागला. किनाऱ्यावर प्रत्येक जोरदार किंवा लांबलेला धक्का नवा भूकंप समजा आणि पुन्हा उंचावर जा. आधीचा इशारा रद्द झाला असला तरी.

इशारा कसा तयार होतो? त्यातले आकडे सारखे का बदलतात?

भूकंपाच्या लहरी खडकातून सेकंदाला काही किलोमीटर धावतात. त्सुनामी त्यामानाने सावकाश येते: चार किलोमीटर खोल समुद्रात ताशी सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे प्रवासी विमानाच्या जवळपास, आणि दहा मीटर खोल पाण्यात ताशी सुमारे ३५. या दोन वेगांमधली फट म्हणजे इशारा केंद्राला मिळणारा वेळ. पहिला इशारा केवळ भूकंपलहरींवरून, तीन ते पाच मिनिटांत काढलेला अंदाज असतो. नंतर खोल समुद्राच्या तळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे पाणीपातळी मोजणारे गेज खरी लाट दाखवू लागतात, तसा तो सुधारला जातो.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये तीन मिनिटांत इशारा निघाला. पण भूकंप इतका प्रचंड होता की पहिल्या हिशेबात त्याचं परिमाण ७.९ एवढंच भरलं. मियागी प्रांताला सहा मीटर आणि इवाते प्रांताला तीन मीटर लाटेचा अंदाज दिला गेला. अर्ध्या तासाच्या आत तो वाढवून मियागीसाठी दहा मीटरच्या वर आणि इवातेसाठी सहा मीटरवर नेला, पण तोवर अनेक ठिकाणी वीज गेली होती आणि नवा आकडा लोकांपर्यंत पोहोचला नाही. काही किनाऱ्यांवर पाणी सुमारे ४० मीटर उंचीपर्यंत चढलं. ‘तीन मीटर म्हणजे आपला बंधारा पुरेसा आहे’ हा हिशेब किती जणांनी केला असेल, याची कल्पनाही करवत नाही. आता तिथे अतिप्रचंड भूकंपात पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा देतच नाहीत, ‘प्रचंड’ असा शब्द वापरतात. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. पहिला आकडा कानावर पडला तरी त्याला कमाल मर्यादा मानू नका.

इशाऱ्यांच्या पातळ्यांचा अर्थ काय?

देशागणिक नावं वेगळी आहेत, आपल्या किनाऱ्याची यादी आधी पाहून ठेवा. जपानमध्ये तीन मीटरहून मोठ्या लाटेसाठी महात्सुनामीचा इशारा, एक ते तीन मीटरसाठी इशारा आणि त्याखाली सावधगिरीची सूचना असते. सावधगिरीच्या सूचनेचा अर्थ ‘लाट बघायला जा’ असा नसतो. पाण्यातून आणि किनाऱ्यावरून ताबडतोब बाहेर या, असा असतो.

अधिकृत इशाऱ्याची वाट पाहायची का?

भूकंप जवळचा असेल तर नाही. जमिनीचं हलणं हाच इशारा. १ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोतो द्वीपकल्पात काही ठिकाणी त्सुनामी मिनिटांत पोहोचली. एवढ्या वेळात कोणताही भोंगा सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण ‘स्मोंग’ या एका शब्दात जपली होती. आजी-आजोबा नातवंडांना सांगत: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला तर डोंगराकडे पळा. २००४ मध्ये हे बेट भूकंपाच्या अगदी जवळ होतं, यंत्रणा कसलीच नव्हती. सुमारे ७८ हजार वस्तीतून सात माणसं गेली.

हलणं सौम्य असलं तरी ते लांबलं तर सावध व्हा. १५ जून १८९६ रोजी जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर भूकंप मंद जाणवला, लोकांनी तो मनावर घेतला नाही, आणि नंतर आलेल्या लाटांनी सुमारे २२ हजार बळी घेतले. न्यूझीलंडमध्ये म्हणूनच शिकवतात: उभं राहता येणार नाही इतका जोरदार किंवा मिनिटभराहून लांबलेला धक्का, यांपैकी एक जरी असला तरी निघा.

आधी समुद्र मागे हटतोच का?

नाही. लाटेचा खोलगट भाग आधी पोहोचला तर पाणी ओसरतं, उंचवटा आधी पोहोचला तर सरळ चढतं. ओसरलेलं दिसलं तर पळा, पण ओसरण्याची वाट बघू नका.

किती उंचावर आणि कसं जायचं?

तुमच्या भागाचा त्सुनामी नकाशा असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर जितकं उंच आणि आत जाता येईल तितकं. साधारण ३० मीटर उंची किंवा तीन किलोमीटर आत, असं एक ढोबळ माप सांगितलं जातं. वेळच नसेल तर मजबूत काँक्रीट इमारतीचा वरचा मजला. नदीच्या काठाने पळू नका, त्सुनामी नदीतून आत खोलवर शिरते. शक्यतो गाडी काढू नका, एक अडकली की मागचे सगळे अडकतात.

सानरिकू भागात ‘तेन्देन्को’ अशी एक जुनी शिकवण आहे: ज्याने त्याने आपापलं धावायचं. ऐकायला कठोर वाटते. तिच्या मुळाशी मात्र विश्वास आहे. आई जिथे असेल तिथून उंचावर गेली असेल, मूल शाळेतून गेलं असेल, म्हणून एकमेकांना शोधायला कुणी खाली उतरायचं नाही. हा विश्वास आधी बोलून ठरवावा लागतो. कामाइशी गावातल्या सुमारे तीन हजार शाळकरी मुलांना हे शिकवलं होतं. २०११ मध्ये त्यांतली जवळजवळ सगळी वाचली, आणि त्यांना पळताना पाहून कितीतरी मोठी माणसं पळाली.

पहिली लाट आली, गुडघाभरच होती. आता संपलं ना?

नाही, नाही आणि नाही. त्सुनामी ही लाटांची मालिका असते. दोन लाटांमध्ये दहा मिनिटंही असू शकतात आणि तासभरही. त्या मधल्या वेळात समुद्र अगदी शांत दिसतो, आणि पुढची लाट आधीपेक्षा मोठी असू शकते.

१९५२ च्या नोव्हेंबरात कुरील बेटांवरच्या सेवेरो-कुरील्स्क गावात भूकंपानंतर बरेच लोक टेकड्यांवर पळाले आणि पहिल्या लाटेतून वाचले. पाणी ओसरल्यावर ते घरं पाहायला, माणसं शोधायला खाली आले. दुसरी लाट जास्त मोठी होती. दोन हजारांहून अधिक माणसं गेली. १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत पहिल्या लाटांनंतर काही जण दुकानांमधला चिखल काढायला परतले. सर्वांत मोठी होती चौथी लाट.

आणि ‘गुडघाभर’ हा शब्दही फसवा आहे. साधी लाट फुटते आणि परत जाते. त्सुनामीचं पाणी मिनिटंच्या मिनिटं आत येत राहतं, सोबत लाकडं, गाड्या, काचा आणतं. त्यात गुडघाभर पाण्यातही मोठा माणूस पाय रोवून उभा राहू शकत नाही. परत जाताना ते सगळं समुद्रात ओढून नेतं.

मग खाली कधी उतरायचं?

इशारा रद्द झाल्याचं अधिकृतपणे कळल्यावर, आणि त्यानंतरही पाण्यात नाही. बंदरं आणि खाड्यांमध्ये पाणी बराच वेळ हिंदकळत राहतं, जोरदार प्रवाह टिकून असतात. एक कडू अपवादही सांगायला हवा. २७ फेब्रुवारी २०१० च्या ८.८ च्या भूकंपानंतर चिलीमध्ये इशारा घाईने मागे घेतला गेला आणि लाटा त्यानंतरही आल्या. भूकंप तुमच्याच किनाऱ्याजवळ झाला असेल तर रद्द झाल्याच्या बातमीनंतरही काही तास वर थांबा, असं मी म्हणेन.

बोट समुद्रात असेल तर?

खोल समुद्रात त्सुनामी बोटीखालून जाते, जाणवतही नाही. इशारा मिळाला आणि तुम्ही आधीच बाहेर असाल तर बंदरात परतू नका, खोल पाण्यात राहा. बोट बंदरात असेल आणि भूकंप जवळचा असेल, तर बोट वाचवायला जाऊ नका.

गेल्या वेळी इशारा दिला आणि काहीच झालं नाही. या वेळी का जाऊ?

२२ मे १९६० रोजी चिलीत ९.५ चा, आजवर मोजलेला सर्वांत मोठा भूकंप झाला. हवाईतल्या हिलो शहरात लाटा पोहोचायला सुमारे पंधरा तास लागणार होते. भोंगे काही तास आधी वाजले. तरी बरेच जण घरीच थांबले, काही लाट पाहायला गेले. ६१ माणसं गेली. इशारा देणाऱ्यांना लाट पोहोचण्याआधी निर्णय घ्यावा लागतो. छोटी लाट आली तर तुमची एक संध्याकाळ वाया जाईल, एवढंच.

धक्के थांबले तरी सारखं हलल्यासारखं वाटतं. मुलं झोपत नाहीत.

हे फार जणांना होतं. जपानीत याला शब्दच आहे, ‘जिशिन-योई’, म्हणजे बोट लागावी तशी भूकंप लागणं. टेबलावर पाण्याचा पेला ठेवा आणि शंका आली की त्याकडे पाहा. पाणी स्थिर असेल तर हलतंय ते आपलं शरीर. टीव्हीवर तीच ती दृश्यं पाहणं बंद करा.

मुलं विचारतात, ‘पुन्हा येईल का?’ त्यांना ‘नाही’ म्हणून खोटं सांगू नका, कारण पुढच्या धक्क्याला तुमच्यावरचा विश्वास जाईल. ‘हो, येतील, पण दिवसेंदिवस कमी येतील’ असं सांगा. मग टेबलाखाली कसं बसायचं ते त्यांच्यासोबत एकदा बसून पाहा, आणि किनाऱ्यावर राहत असाल तर टेकडीपर्यंतची वाट एकदा दिवसा आणि एकदा अंधारात त्यांच्याबरोबर चालून या.